मामा बसला तर

"मी बसणार. जिथे दम लागेल तिथे बसणार. गुडघे माझे आहेत, तुझ्या बापाचे नाहीत."

मामा हे सगळं होडीत उभा राहून बोलत होता, त्यामुळे प्रत्येक वाक्याला होडी डुचमळत होती. चिडलेला माणूस भयंकर दिसायला पाहिजे, पण मामा नाचत असल्यासारखा दिसत होता. काठावर ठिपक्या उभा होता. हातात ब्रश, कानामागे अर्धी पेन्सिल, नाकावर पिवळ्या रंगाचा वाळलेला डाग.

"होडी काय गुडघ्यांनी वल्हवतोस?" ठिपक्याने विचारलं.

त्यावर मामाने त्याची अक्कल, त्याची अर्धवट सोडलेली शाळा आणि त्याच्या नाकावरचा डाग असं एकेक करून काढलं. ठिपक्यानेही मामाचं टक्कल, त्याचा भोंगा आणि त्याची पांढरी पँट काढली. पँटबद्दल मात्र मामा कुणाचंही ऐकून घेत नसे. मग तो फतकल मारून खाली बसला, वल्ही उचलली आणि भांडण अर्ध्यावर टाकून निघून गेला. पाण्यात भांडणारा माणूस असा कधीही निघून जाऊ शकतो. काठावरच्याला फक्त दगड मारता येतो. ठिपक्याने मारला. लागला नाही.

आता हे बसण्याचं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

तळ्याकाठचं ते गाव लहान, पण तिथे हिंडायला येणारे लोक बरेच. त्यांच्यासाठी गावाच्या समितीने तळ्याभोवती छोट्या छोट्या पायवाटा आखल्या होत्या. कुठली वाट सोपी आणि कुठली अवघड हे ठरवायची त्या गावाची एक जुनी पद्धत होती. समितीतला सगळ्यात वयस्कर माणूस ती वाट चालून बघायचा. वाटेत कुठेही न बसता तो शेवटच्या बाकापर्यंत पोचला, त्या बाकावर बसला आणि त्याने बुटाच्या टाचा एकमेकींवर आपटल्या, की वाट सोपी. मग ती नकाशावर पिवळ्या रंगात यायची आणि सगळे आजी-आजोबा, लहान पोरं, गरोदर बायका, नव्या बुटांनी पाय चावलेली मंडळी तिकडे वळायची. वाटेत कुठे बसला, तर वाट नापास. तोंडाने कितीही कण्हलं-कुथलं तरी ते धरायचे नाहीत, कारण आधीच्या म्हाताऱ्यांनी घरातून निघाल्यापासूनच कण्हायला सुरुवात केली होती. दमलात ना, मग बसून दाखवा. बसणं हाच पुरावा.

आणि यंदा समितीत सगळ्यात वयस्कर होता मामा.

उद्या चालायची वाट होती लव्हाळ्यांची. गावाच्या धक्क्यापासून काठाकाठाने, लव्हाळ्यांमधून, ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून थेट ताईच्या टपरीपर्यंत. ताई म्हणजे ठिपक्याची थोरली बहीण, मामाची सख्खी भाची. चहा, कॉफी, उकडलेली अंडी आणि कालचा केक, एवढाच तिचा कारभार. पण जागा अशी की बसलेला माणूस उठायचं नाव काढत नाही. अडचण एकच होती. हिंडायला आलेला माणूस तिथे पोचत होता तो फक्त मामाच्या होडीतून. मामा लोकांना तिथे उतरवायचा, ताई चहा ओतायला घ्यायची, की मामा भोंगा वाजवायचा. मामाला एका जागी थांबवत नसे. लोक तोंड भाजून घेत अर्धा कप टाकून पळायचे. वाट सोपी ठरली असती तर लोक आपल्या पायांनी आले असते आणि आपल्या मर्जीने बसले असते. नाही ठरली, तर लव्हाळं कापायचं समिती बंद करणार होती, आणि ताई टपरीला कुलूप लावून दिराच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायला परत जाणार होती. एकदा केली होती तिने ती नोकरी. त्या दिवसांत ती झोपेतही घड्या घालायची.

मामाचंही म्हणणं साधं होतं. लोक चालत गेले तर होडीत कोण बसणार? मामा वाईट नव्हता, घाबरलेला होता. पण घाबरलेला मामा वाईट मामापेक्षा जास्त हट्टी असतो.

या वाटांवर खुणा रंगवायचं काम ठिपक्याचं. झाडावर, दगडावर, वळणावर एकेक पिवळा ठिपका, म्हणजे चुकणारा चुकत नाही. बाक रंगवायचे तेही त्यानेच. त्या संध्याकाळी तो ताईकडे गेला आणि मामा बसणार म्हणतोय असं त्याने सांगितलं. ताईने कप विसळता विसळता फक्त एवढंच म्हटलं की मामा तोंडाचा फटकळ आहे, आयत्या वेळी नाही बसणार, आणि तू मध्ये काही उद्योग करू नकोस.

उद्योग करू नकोस असं कुणी म्हटलं की ठिपक्याचे हात शिवशिवायला लागायचे. हा त्याचा लहानपणापासूनचा आजार.

परत निघताना त्याने पाहिलं, मामाची होडी ताईच्या धक्क्याला बांधून ठेवलेली होती. ताई हसत म्हणाली की उद्या चालत यावं लागणार, पण चालत परत जाणार नाही, मेलो तरी नाही, असं म्हणून मामा होडी इथे ठेवून गेला. आणि घरी गेला कसा? तर वाटेवर पाऊल पडायला नको म्हणून दूधवाल्याच्या गाडीत कॅनच्या मधोमध बसून, रस्त्याने, सगळ्या तळ्याला वळसा घालून.

ते ऐकून ठिपक्याच्या डोक्यात तिडीक गेली. आणि तिडीक गेली की त्याचं डोकं फार छान चालायचं.

पहाट फुटता फुटता तो पिवळ्या रंगाचा मोठा डबा घेऊन वाटेवर हजर. रंगात त्याने अळशीचं तेल सढळ हाताने ओतलं. तेल जास्त झालं की रंग वाळायला दोन दिवस घेतो, हे कुठल्याही पेंटरला माहीत असतं. म्हणून कुठलाही पेंटर असं करत नाही. वाटेतले सगळे बाक त्याने चकचकीत रंगवून काढले. मग त्याला वाटलं, मामा दगडावर बसेल. मग बूड टेकण्याजोग्या प्रत्येक दगडावर ठिपका. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर ठिपका. आडव्या पडलेल्या ओंडक्यावर ठिपक्यांची रांग. पुलाच्या कठड्यावर ठिपके. वाटेला गोवर आला असावा असं दिसायला लागलं. राहता राहिली जमीन. तर ती तळ्याकाठची, काळी, ओली, पचपचीत. आणि मामा वाट चालायला यायचा तो त्याच्या पांढऱ्या पँटमध्ये, ज्या पँटमुळे नवखे लोक त्याला कप्तान म्हणायचे. मामा नरकात बसला असता, पण त्या पँटने चिखलात बसला नसता.

ठिपक्याची एक सवय होती. रंगाचा डबा अर्धवट ठेवायचा नाही. उरलेल्या रंगावर साय धरते, मग तो फक्त शिव्या द्यायच्या कामाचा. त्यामुळे ब्रश फिरत राहिला, तो शीळ घालत राहिला, आणि डबा चाटूनपुसून रिकामा झाला तेव्हाच तो घरी जाऊन आडवा झाला.

सकाळी धक्क्यावर समिती जमली. समिती म्हणजे मामा आणि बाई. बाकीचे सभासद अशा दिवशी नेमके आजारी पडत. बाई म्हणजे शाळेच्या रिटायर झालेल्या हेडबाई. ठिपक्याने शाळा सोडली तेव्हा त्या फाटकापर्यंत त्याच्यामागे धावल्या होत्या, आणि त्याला अजून त्यांच्यासमोर हात खिशात घालता येत नसत. त्या दिवशी त्यांनी फिक्या राखाडी रंगाचा नवाकोरा कोट घातला होता. बाहीला दुकानाचा धागा तसाच लोंबत होता.

निघाले तिघं. खुणा दाखवायला म्हणून ठिपक्या पुढे, त्याच्यामागे मामा, शेवटी बाई.

मामाने पन्नासेक पावलं टाकली असतील नसतील, तोच गुडघ्यावर हात ठेवला. लगेच पहिला बाक आला. मामाच्या चेहऱ्यावर कसं समाधान पसरलं. तो वळला, पँटच्या चुण्या वर ओढल्या, आणि बुडाखालचा पिवळाधम्मक उजेड बघून तसाच वाकलेला थांबला.

"ओला आहे," ठिपक्या म्हणाला. "कालच सांगणार होतो, पण तू निघून गेलास."

मामाने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तळ्यात उडी मारून मोकळा झाला असता. बाईंनी लांबूनच बाकाकडे बोट केलं, वास घेतला आणि म्हणाल्या की कामाला लागलेलं दिसतंय कार्टं.

पुढे मामाने दगड हेरला. ठिपका. दुसरा दगड हेरला. ठिपका. तिसऱ्या दगडाकडे तो जवळजवळ धावतच गेला, आणि दमलेल्या माणसाला हे धावणं शोभत नाही हे लक्षात आल्यावर अचानक लंगडायला लागला. तिथेही ठिपका. मग त्याने झाडाला टेकायचं ठरवलं आणि त्याचा पंजा पिवळा झाला. त्याला तो पुसायला काही मिळेना. पँटला तर पुसणार नव्हता. मग तो सबंध रस्ताभर तो एक हात अंगापासून लांब धरून चालला, जणू कुणाला तरी आशीर्वाद द्यायचा राहून गेला होता.

बाईंना मात्र वाट फार आवडली. इतक्या खुणा, आंधळासुद्धा चुकायचा नाही, असं त्या म्हणाल्या. वहीत तू इतका नीटनेटका असतास तर कुठल्या कुठे गेला असतास, असंही म्हणाल्या. ठिपक्याने मान खाली घातली. लाजून नाही, हसू दाबायला.

लव्हाळ्यांच्या आतल्या बाजूला पाणी अगदी वाटेला लागून होतं. तिथे मामाने शेवटचा हुकमी पत्ता काढला. पाण्यात काहीतरी दिसल्यासारखं केलं आणि उकिडवा बसला. बुटाच्या टाचा टेकलेल्या, पँट चिखलापासून चार बोटं वर. आणि बाईंकडे विजयी नजरेने बघितलं.

"बसलो," तो म्हणाला.

हे ठिपक्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. उकिडवं बसायला ना बाक लागतो ना दगड. त्याला एकदम ताईचे ते झोपेत घड्या घालणारे हात दिसले.

बाईंनी चष्मा वर केला, मामाच्या मागे जाऊन वाकून बघितलं. हेडबाई होत्या, असल्या तपासण्यांची त्यांना सवय होती.

"बूड टेकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बूड टेकलं नाही तर ते बसणं नाही. उकिडवं राहणं झालं. उठा."

मामा वाद घालणार होता, पण तेवढ्यात पाण्यात खरोखरच काहीतरी दिसलं. एक टिबुकली लव्हाळ्यातून बाहेर आली. मुठीएवढा पक्षी, पाण्यावर बुचासारखा तरंगणारा. आणि तिच्या पाठीवर, पंखांच्या मधून, दोन पट्टेरी डोकी वर निघालेली. पिल्लं. आईच्या पाठीवर बसून फिरायला निघालेली.

मामा भांडायचं विसरला. होडीतून हे कधी दिसत नाही, वल्ह्याचा आवाज झाला की ती बुडी मारते, असं तो अगदी हळू आवाजात सांगायला लागला. ती पिल्लांना स्वतःची पिसं खायला घालते हे सांगितलं. बाईंना ते खरं वाटेना. मग त्याने आणखी सांगितलं. ठिपक्याने हात पुढे केला, मामाने तो पकडून स्वतःला वर ओढलं, आणि बोलत बोलत पुढे निघाला. ठिपक्याला त्याच्या गुडघ्याचा कट् असा आवाज ऐकू आला. खोटं नव्हतं ते दुखणं. निदान सगळंच नव्हतं. ठिपक्याला जरा कसंतरी झालं, पण त्याने तिकडे फार लक्ष दिलं नाही.

पुलावर मामा थांबला आणि खालची खंड्याची बिळं दाखवली. याच ओढ्यात त्याने आणि ठिपक्याच्या आईने लहानपणी एक बादली बुडवली होती आणि मग बादलीला मगरीने नेलं असं घरी सांगितलं होतं. कुणाचाच विश्वास बसला नव्हता, पण आजोबा मात्र काठी घेऊन मगर शोधायला आले होते. बाई हसता हसता कठड्याला टेकणार होत्या, ठिपक्याने वेळेत त्यांचा कोट धरला. पुलापलीकडचा बाक मामाच्या डाव्या हाताला आला आणि मागे पडला. मामाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मगरीवर होता.

असं करता करता लव्हाळी संपली, आणि समोर ताईची टपरी.

ताई हात पुसत बाहेर आली. न बसता आलेल्या मामाला बघून तिचा चेहरा जो काही उजळला, तो बघून मामाला पहिल्यांदा भान आलं की आपण पोचलो. त्याचं तोंड उघडंच राहिलं. ठिपक्याला उड्या मारायच्या होत्या.

मग त्याने टपरीसमोरचा शेवटचा बाक बघितला.

पिवळाधम्मक. चकचकीत. त्यावर एक माशी चिकटून पाय झाडत होती.

डबा. अर्धवट ठेवायचा नाही. सगळ्या तळ्याकाठी एकच बाक असा होता जो रंगवायचा नव्हता, आणि हात आपले फिरत गेले होते.

मामानेही बघितलं. एकदा बाकाकडे, एकदा ठिपक्याकडे. आणि मग मामा हसला. सगळे दात दिसतील असं.

बाईंनी घसा साफ केला. शेवटच्या बाकावर बसून टाचा आपटल्याशिवाय वाट पास होत नाही, नियम सगळ्यांना माहीत आहे, असं त्या म्हणाल्या. ठिपक्याने अंगातला शर्ट काढला आणि बाकावर पसरायला धावला. बाकावर बसायचं असतं, शर्टावर नाही, बाई म्हणाल्या. ताई टपरीतून फळकूट घेऊन आली. बाकावर बसायचं असतं, फळकुटावर नाही. वाळेपर्यंत थांबू, ठिपक्या म्हणाला. किती वेळ लागेल, असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्याला ते अळशीचं तेल आठवलं.

ताईने फळकूट हळूच खाली ठेवलं. मामाला तिने विनवलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला सोपं गेलं असतं. ती आत गेली आणि त्याच्यासाठी चहा ओतून घेऊन आली. नेहमीसारखा, दोन चमचे साखरेचा, त्याच्या आवडीच्या कानतुटक्या कपात. आणि कप हातात धरून उभी राहिली.

मामाने चहाकडे बघितलं. मग धक्क्याला बांधलेल्या आपल्या होडीकडे.

"वाट सोपी आहे," तो शेवटी बाईंना म्हणाला. "पण जाण्यापुरती. जाताना गुडघ्यांचं भागतं, येताना भागत नाही. नकाशावर लिहा, जायचं चालत, यायचं होडीतून. असं लिहिणार असाल तर बसतो."

"आणि भोंगा?" ताईने विचारलं.

"चहा संपेपर्यंत नाही वाजवणार."

"दुसरा कप घेतला तर?"

मामाने दात-ओठ खाल्ले. "दुसरा संपेपर्यंत."

बाईंनी विचार केला आणि मान हलवली. लिहू, म्हणाल्या.

मग मामाने चुण्या वर ओढल्या, डोळे मिटले, आणि सावकाश, पूर्ण वजनानिशी, आपली पांढरी पँट घेऊन त्या बाकावर बसला. चपक् असा आवाज झाला. त्याने टाचा आपटल्या. ताईने कप त्याच्या हातात दिला आणि तोंड फिरवून नुसत्या मनगटाने डोळे पुसले.

चहा झाला. दुसराही झाला. ताईने ठिपक्याकडे असं बघितलं की त्याला आत्ताच मिठी मारू की आधी कान पिळू, हे तिचं ठरत नव्हतं. मामा उठला तेव्हा बाकाने त्याला सहजासहजी सोडलं नाही. मागून तो आता पट्टेरी होता, टिबुकलीच्या पिल्लांसारखा. त्याने मान वळवून जमेल तेवढं बघितलं. मग अगदी प्रेमाने ठिपक्याला विचारलं की यात तेल किती घातलंस रे.

पण ठिपक्याचं तिकडे लक्ष नव्हतं. बाई कोटाची नवी बटणं लावत धक्क्याकडे निघाल्या होत्या. चला, म्हणत होत्या, नवी पद्धत आजपासूनच सुरू करू, मीच पहिली होडीत बसते.

आणि ठिपक्याला आठवलं की डबा त्या बाकावर संपला नव्हता. थोडा उरला होता. होडी समोरच होती, दूधवाल्याच्या गाडीचा राग ताजा होता, आणि होडीतल्या बसायच्या फळ्या तशाही जुनाटच दिसत होत्या.

बाईंनी एक पाय होडीत टाकला. दुसरा टाकला. कोट मागून नीट केला.

"मी निघतो," ठिपक्या म्हणाला. शर्ट कुठे पडलाय हेसुद्धा त्याने बघितलं नाही. "मला आता निघायलाच हवं."